डिमेन्शिया केअर सेंटरला नवीन लागलात? आजी-आजोबांच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी कशा करायच्या

हे लिहितेय ते नव्याने कामाला लागलेल्या मावशी-मामांसाठी, नुकतंच एएनएम-जीएनएमचं नर्सिंग झालेल्या मुलींसाठी, आणि ज्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच सुपरवायझरचं काम पडलंय त्यांच्यासाठी. पुणे, नाशिक, ठाणे, तिकडे वसई-विरारपर्यंत डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, माणसांना ठेवून घेणारी केंद्रं निघालीयत, कुठे बंगल्यात, कुठे सोसायटीतले दोन मजले घेऊन, आणि बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंग म्हणजे जुनी मावशी दोन दिवस बरोबर फिरवते तेवढंच. लासी-डॅड नावाची देशभरची पाहणी झाली त्यात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असं निघालं, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, त्यामुळे हे काम काही कमी होणार नाहीये.

माझं म्हणणं एकच आहे आणि खालचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. पेशंट रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून जातो तेव्हा सगळे म्हणतात "अचानक झालं", पण अचानक झालेलं फार कमी असतं. दोन-तीन दिवस आधी पाणी कमी गेलेलं असतं, संडास झालेली नसते, दुपारची झोप वाढलेली असते, आणि हे आंघोळ घालणाऱ्या मावशींना दिसलेलं असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि त्यांनी कुठे लिहिलेलं नसतं.

हॉस्पिटल टाळायचं ते पैशासाठीच असं नाही. डिमेन्शियाच्या माणसाला अनोळखी जागा, रात्रभर लाइट, हातात सलाइन, लघवीची नळी, नळी ओढतो म्हणून बांधलेले हात, हे सगळं सहन होत नाही, गोंधळ एकदम वाढतो आणि आठवडाभर कॉटवर पडून चालणं जातं ते बऱ्याचदा परत येतच नाही. अमेरिकेत २०१२ पासून हॉस्पिटलांना आणि २०१८ पासून तिथल्या नर्सिंग होमनाही पेशंट ३० दिवसांत परत ॲडमिट होण्याचं प्रमाण जास्त असलं तर सरकारी पैसे कापून मिळतात, त्यामुळे तिकडे यावर बराच विचार झालाय. आपल्याकडे असा दंडबिंड नाही, दंड भरतात ते घरचे, बिलाच्या रूपात.

१. आधी माणूस ओळखा, मग आजार

नवीन पेशंट आला की पहिल्या आठवड्यात एक काम करायचं, त्याचं "नेहमीचं" काय आहे ते एका पानावर लिहून काढायचं. चालतो कसा, काठीने का धरून. किती खातो, किती वेळ लावून. संडास रोज की एक दिवसाआड. रात्री किती वेळा उठतो. बोलणं किती, ओळखतो कुणाला. बीपी, ऑक्सिजन, शुगर, वजन रोजचं किती असतं. चष्मा आहे का, कानाचं मशीन आहे का, कवळी वरची का खालची का दोन्ही. हे पान नसेल तर पुढे बदल झालाय हे कुणालाच कळत नाही. ड्युटी बदलली की नवी सिस्टर म्हणते "हे असेच असतात बहुतेक", आणि ते तसे नसतात, परवापर्यंत स्वतःच्या हाताने जेवत होते.

त्याच पानावर माणसाची गोष्टही लिहा. काय काम करायचे, गाव कुठलं, घरात कुठली बोली होती. शेवटी शेवटी माणूस लहानपणीच्या भाषेवर जातो, मालवणी बोलणारी आजी पुस्तकी मराठीत विचारलेलं "आपल्याला वेदना होत आहेत का" ऐकून नुसती बघत राहते, तिला "खंय दुखता?" विचारलं की ती हात ठेवून दाखवते. हाक कशी मारायची हेसुद्धा विचारून घ्या, सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा करू नका. तीस वर्षं शाळा चालवलेल्या हेडमास्तरीणबाईंना "बाई" म्हटलं की त्या ताठ बसून औषध घेतात आणि "ए आजी, आ कर" म्हटलं की तोंड मिटून घेतात, आणि मग फाइलमध्ये लिहिलं जातं, पेशंट कोऑपरेट करत नाही!

२. बदल दिसला की लिहा, आणि बोला

अमेरिकेत नर्सिंग होममधल्या मदतनिसांसाठी "स्टॉप अँड वॉच" नावाचा एक साधा कागद आहे, त्यात बारा गोष्टी आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर: आज हा माणूस वेगळा वाटतोय का. कमी बोलतोय का. नेहमीपेक्षा जास्त मदत लागतेय का. दुखतंय का. जेवण कमी गेलं का. तीन दिवसांत संडास झाली नाही का. पाणी कमी प्यायला का. वजनात फरक पडलाय का. चिडचिड, अस्वस्थपणा वाढलाय का. दमलेला, गुंगीत, गळून गेलेला आहे का. त्वचेचा रंग किंवा कातडी बदललीय का. चालताना, उठताना-बसताना जास्त आधार लागतोय का. झालं, एवढंच. यातलं एक जरी "हो" असलं तरी सिस्टरला त्याच ड्युटीत सांगायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

आम्ही यासाठी दोनशे पानी वही ठेवतो, स्टाफरूममध्ये नाही तर पँट्रीच्या ओट्याशेजारी दोरीला पेन बांधून, कारण मावशी दिवसातून दहा वेळा तिथेच येतात. लिहिता येत नसेल तर पेशंटचं नाव आणि एक फुली मारायची, बाकी सिस्टर विचारून घेते. आणि सिस्टर लोकांना मी सांगते, मावशी "काहीतरी बरोबर नाही वाटत आज" म्हणाल्या तर "काहीतरी म्हणजे काय" असं तोंडावर टाकू नका. त्या रोज अंग पुसतात, त्यांच्या हाताला आधी कळतं. एकदा झिडकारलंत की परत सांगणार नाहीत.

आता एक गोष्ट नवीन लोकांना हमखास चकवते. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, पण एकदम शांत झालेला कुणाला दिसत नाही. उलट लोक खूश होतात, आज आजी किती शांत आहेत, त्रासच नाही. रोज पदर ओढून "माझं घर कुठंय" विचारणारी बाई सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय तर ते चांगलं लक्षण नाही हो. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे डिमेन्शियावर अजून एक नवा गोंधळ चढलेला, तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला, आणि त्याच्या मागे जवळजवळ कायम शरीरातलं काहीतरी असतं. डिमेन्शिया वर्षांमध्ये वाढतो. एका रात्रीत "वाढला" असं वाटलं तर शोध घ्यायचा.

शोध म्हणजे काय, तर पहिल्या पंधरा मिनिटांत सिस्टरने हे करायचं. शुगर बघायची. ताप बघायचा, आणि म्हाताऱ्या माणसाला १०० म्हणजे ताप धरायचा, १०२ ची वाट बघायची नाही. बीपी आणि ऑक्सिजन. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना लगेच फोन, न्युमोनियात कधी कधी खोकला-तापाच्या आधी श्वासच वाढतो. मग पोट हाताने बघायचं, फुगलंय का, लघवी शेवटची कधी झाली. आणि शेवटी औषधाच्या चार्टवर मागच्या आठवड्यात काय नवीन सुरू झालं ते.

३. नेहमीची कारणं

पाणी. निम्मी कथा इथेच आहे. तहान लागलीय हे कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही, समोर ग्लास असला तरी तो प्यायचा असतो हे आठवत नाही. "पाणी हवं का?" असं विचारलं की उत्तर "नको"च येतं, म्हणून विचारायचं नाही, हातात द्यायचं आणि आपणही एक घोट घ्यायचा, समोरचा पितोय बघून ते पितात. दर दीड-दोन तासांनी कपभर, पाणी, ताक, कोकम सरबत, पेज, चहा, जे आवडेल ते. डॉक्टरांनी हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून द्या सांगितलं नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पोटात जायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात काम करत असाल तर याच्याहून जास्त लक्ष द्या. आणि रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर पाणीच बंद करणारे महाभाग असतात, तसं करू नका, पाणी दिवसा जास्त द्या आणि झोपायच्या आधी एकदा बाथरूमला नेऊन आणा.

जेवण. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात दिला तर तो दिसतच नाही त्यांना, रंगीत ताटली घ्या, एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. घास भरवताना माणूस खुर्चीत सरळ बसलेला पाहिजे, हनुवटी थोडी खाली, भरवणारी समोर बसलेली, उभी नाही, कारण उभं राहून भरवलं की त्याला मान वर करावी लागते आणि तिथेच घास श्वासनलिकेत जातो. कॉटवर आडवं ठेवून भरवणं म्हणजे न्युमोनियाला आमंत्रण. गालात घास धरून ठेवतात, आधीचा गिळला का हे बघूनच पुढचा, जेवण झाल्यावर तोंडात बोट न घालता टॉर्चने बघायचं काही राहिलंय का, आणि अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. कोरडे पोहे, चिवडा, पोळीचे मोठे तुकडे जपून. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला घरघरता येत असेल तर डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टला गिळणं तपासायला बोलवा. रात्री कवळी काढून तोंड साफ करणं हे सुद्धा न्युमोनिया टाळायचं काम आहे बरं का, तोंडातली घाणच लाळेबरोबर फुफ्फुसात उतरते.

संडास. तीन दिवस झाली नाही तर चौथ्या दिवसाची वाट नको. आणि डायपरला थोडी थोडी पातळ लागतेय म्हणून जुलाब थांबवायची गोळी देऊन मोकळे होऊ नका, कित्येकदा आत खडा अडकलेला असतो आणि बाजूने पातळ गळत असतं, अशा वेळी ती गोळी दिली तर अजून घट्ट बसतं. सिस्टरने आधी तपासायचं.

लघवीचं इन्फेक्शन. याच्या दोन्ही बाजू आहेत. खरं इन्फेक्शन वेळेत पकडलं तर गोळीवर भागतं, उशीर झाला तर आयसीयू. पण लघवीला वास आला, रिपोर्टमध्ये थोडे जंतू दिसले की लगेच अँटिबायोटिक हेही चुकीचं, म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्याला उपचार लागत नाही. ताप, जळजळ, सारखी लागणे, ओटीपोटात दुखणे, हुडहुडी, असं काही असेल तर तपासणी. आणि नुसता वास असेल तर आधी पाणी वाढवून बघा.

शुगर. आजोबा जेवले नाहीत पण सकाळची डायबेटिसची गोळी मात्र वेळेवर दिली, हे फार होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जेवण किती गेलं ते बघून मगच, आणि जेवणच जात नसेल तर डॉक्टरांना विचारून. शुगर ७० च्या खाली, माणूस शुद्धीत आणि गिळतोय तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी परत शुगर. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. सोडियम कमी होणं हे आणखी एक, लघवीच्या गोळ्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी होतं, माणूस गुंगीत जातो, तोल जातो, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही म्हणून डॉक्टरांना "सोडियम बघायचं का" असं आपणहून विचारायला लाजू नका.

पडणं. झोपल्यावरून एकदम उठवायचं नाही, आधी कॉटच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने उतरत असेल तर बीपीच्या गोळ्या डॉक्टरांकडून परत बघून घ्या. बाथरूमच्या वाटेवर रात्री मंद दिवा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, ओली फरशी पुसून कोरडी. गडद रंगाचं पायपुसणं त्यांना खड्डा वाटतं आणि ते ओलांडायला जाऊन पडतात, काढून टाका. पडलेल्या माणसाला चौघांनी धरून लगेच उचलायचं नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं फ्रॅक्चर समजून चालायचं. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना लगेच कळवून त्याच दिवशी सीटीचं विचारायचं. पुढचे काही आठवडेसुद्धा लक्ष ठेवा, डोक्यात हळूहळू रक्त साठून महिन्याभराने लक्षणं दिसलेली असतात.

४. चिडचिड, मारामारी, "घरी जायचंय"

हॉस्पिटलला, आणि त्याहून जास्त झोपेच्या गोळीला, इथूनच सुरुवात होते. माणूस ओरडतोय, सिस्टर डॉक्टरांना फोन करते, डॉक्टर पेशंट न बघता गोळी सांगतात, माणूस गुंगीत जातो, जेवत नाही, पडतो, आणि मग खुब्याचं ऑपरेशन. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापायला लावला, पहिल्या दोन्हींसाठी २००५ मध्येच आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांसाठी २००८ मध्ये. कधी कधी लागतात ती, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर लागतातच, पण ती शेवटची पायरी, आणि चालू केली तर बंद कधी करायची ती तारीख त्याच दिवशी विचारून लिहायची. लेवी बॉडी डिमेन्शिया असेल, म्हणजे समोर माणसं-मुलं-जनावरं दिसतात आणि अंग पार्किन्सनसारखं ताठरतं, तर हॅलोपेरिडॉलने फार वाईट रिॲक्शन येऊ शकते, फाइलवर लाल पेनने लिहून ठेवा.

त्याआधी काय बघायचं? दुखतंय का. सांगता येत नाही तेव्हा पाच गोष्टी बघतात, श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजावल्यावर शांत होतो का, प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, दहापैकी. पेनॅड म्हणतात त्याला, शिकायला अर्धा तास लागतो. गुडघेदुखीच्या कित्येक आजी डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल ठरलेल्या वेळेला चालू केलं की आंघोळीला मारायच्या थांबतात. त्याशिवाय लघवीला लागलीय का, भूक, थंडी, टोचणारा कपडा, शेजारच्या खोलीतला टीव्ही.

आमच्याकडे एसटीत कंडक्टर राहिलेले एक काका आहेत. रोज दिवेलागणीला दाराशी येऊन कुलूप हलवायचे, "डेपोत जायचंय, गाडी सुटेल." आधी दोघे मामा त्यांना धरून मागे आणायचे आणि रोज झटापट. मग एका मावशींनी जुन्या लॉटरीच्या तिकिटांचे गठ्ठे रबर लावून दिले आणि म्हणाल्या, "काका, हिशोब दिल्याशिवाय साहेब सोडणार नाहीत." ते खुर्चीत बसतात, थुंकी लावून तिकिटं मोजतात, मध्येच एक जण आला तर त्याला "पुढे सरका" म्हणतात, आणि तासाभराने जेवायला उठतात. खोटं बोलणं झालं का हे? काही लोकांना पटत नाही, मला चालतं, कारण "तुम्ही रिटायर झालात, तुमची बायको गेली" हे रोज नव्याने ऐकवण्यापेक्षा ते बरं. संध्याकाळी पाचच्या आतच दिवे लावा, खोलीत अंधार-सावल्या नकोत, शुभंकरोती, भजन, रेडिओवरची जुनी गाणी, जे ज्याचं असेल ते. दुपारी चारनंतर झोपू देऊ नका.

५. डॉक्टरांना फोन कसा करायचा

"डॉक्टर, आजी बऱ्या नाहीयेत" असा फोन केला की उत्तर "ॲडमिट करा" हेच येणार, त्यांना समोर काही दिसत नाही ना. असं सांगा: "सर, रूम चारच्या कुलकर्णी आजी, वय ८२, डिमेन्शिया, बीपी, शुगर. कालपासून गुंगीत आहेत, एरवी स्वतः चालतात, आज दोघींना धरावं लागलं. ताप १००.४, नाडी १०४, बीपी ११०-७०, ऑक्सिजन ९५, श्वास २२, शुगर १६०. काल पाणी साधारण ६०० मिली गेलंय, संडास दोन दिवस नाही, लघवीला जळजळ म्हणतात. इन्फेक्शन वाटतंय, इथेच रक्त-लघवी पाठवून उपचार सुरू करता येतील का, का हलवायचं?" फोन करायच्या आधी हे कागदावर लिहून घ्या. अशी माहिती मिळाली की डॉक्टरही इथेच सांभाळायला तयार होतात, घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब, सलाइन लावणारी सिस्टर, पोर्टेबल एक्स-रे हे शहरात मिळतं.

पण काही ठिकाणी फोनाफोनीत वेळ घालवायचा नाही. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, म्हणजे लकवा, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ सांगा. छातीत दुखणं, ऑक्सिजन ९० च्या खाली, झटके, न थांबणारं रक्त, उठवूनही उठत नाही. १०८.

६. जावंच लागलं तर

एक फाइल कायम तयार पाहिजे: "नेहमीचं"वालं पान, चालू औषधांची यादी, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट, नातेवाइकांचे नंबर, इन्शुरन्सचं कार्ड. चष्मा, कानाचं मशीन, कवळी नाव लिहिलेल्या डबीत बरोबर द्या, त्याशिवाय कॅज्युअल्टीत माणूस आंधळा-बहिरा होतो आणि डॉक्टर लिहितात "नॉट रिस्पॉन्डिंग". ओळखीचं कुणीतरी बरोबर राहिलं पाहिजे, पहिले दोन दिवस तरी. त्या माणसाने तिथल्या सिस्टरला हात जोडून दोन गोष्टी सांगायच्या, हात बांधण्याऐवजी मी बसते, आणि लघवीची नळी गरज संपली की काढा. ड्रिपबरोबर ॲविल किंवा झोपेसाठी फेनर्गन देणार असतील तर डिमेन्शिया आहे, याने गोंधळ वाढतो, दुसरं काही चालेल का, असं विचारा. रागावतील कदाचित. विचारा तरी.

७. परत आल्यावरचा पहिला आठवडा

बहुतेक केंद्रं इथे ढिली पडतात, आला एकदाचा घरी म्हणून. दुसऱ्यांदा ॲडमिट व्हायचं कारण बऱ्याचदा पहिल्यापेक्षा वेगळंच असतं, न्युमोनियासाठी गेलेला माणूस अशक्तपणाने पडून परत जातो.

आधी वेळ. डिस्चार्ज सकाळी सांगतात, कॅशलेसचं अप्रूव्हल यायला संध्याकाळ होते, पेशंट रात्री नऊला पोचतो, नवीन औषधं मिळत नाहीत, रात्रीची सिस्टर एकटी. म्हणून दुपारीच डिस्चार्ज कार्डचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि औषधं आधी आणून ठेवा.

मग औषधं, आणि इथे घाई नको. जुना चार्ट आणि नवं कार्ड शेजारी ठेवायचं, दोन माणसांनी एकेक ओळ वाचायची, ब्रँडच्या नावाने नाही तर खालच्या बारीक अक्षरातल्या औषधाच्या नावाने. घरी टेल्मा चालू होती, हॉस्पिटलने टेल्मिकाइंड लिहून दिली, दोन्हीत बीपीचं टेल्मिसार्टनच आहे, पण नाव वेगळं म्हणून दोन्ही दिल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी माणूस बाथरूममध्ये कोसळतो. कार्डवर नुसतं "सीएसटी" लिहिलं असेल, म्हणजे आहे तेच चालू ठेवा, तर "तेच" म्हणजे नक्की काय हे फोन करून विचारा, त्यांना तुमची जुनी यादी माहीत असतेच असं नाही. आयसीयूत रात्री ओरडत होता म्हणून सुरू केलेली झोपेची गोळी अजून हवी का? ॲसिडिटीची गोळी किती दिवस? कुठलं औषध बंद केलं आणि का? अँटिबायोटिकचा शेवटचा डोस कधी? जुन्या स्ट्रिप्स पेशंटच्या डब्यातून काढून वेगळ्या ठेवा, रात्रीच्या घाईत तीच हाताला लागते.

मग अंग. कपडे काढून डोक्यापासून टाचेपर्यंत बघायचं, माकडहाड, टाचा, खुबे, लाल झालंय का, फोड आहे का, आणि नातेवाइकांसमोर लिहायचं, नाहीतर बेडसोर कुठे झाला यावरून भांडण ठरलेलं. स्वतः वळत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची नळी तशीच लावून पाठवली असेल तर कशासाठी आणि कधी काढायची हे पहिल्याच दिवशी विचारायचं, नळी जितके दिवस तितकं इन्फेक्शन. नाकातून राईल्स ट्यूब असेल तर तीही तात्पुरती आहे का विचारा. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने खायला घातल्याने आयुष्य वाढतं किंवा न्युमोनिया टळतो असं दिसत नाही, म्हणून अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटनाही अशा वेळी हाताने, हळूहळू, जेवढं जाईल तेवढं भरवा असंच सांगते.

पहिले तीन दिवस दिवसातून तीन वेळा ताप-बीपी-ऑक्सिजन-श्वास, आल्या दिवशी वजन आणि मग आठवड्याने. हार्ट फेल्युअरवाल्याचं वजन रोज सकाळी लघवीनंतर, आठवड्यात दोन किलोने वाढलं तर पाणी साठतंय. आपल्या डॉक्टरांनी दोन दिवसांत आणि हॉस्पिटलच्या फॉलोअपला सात-दहा दिवसांत दाखवायचं. आणि दुसऱ्या दिवसापासून उभं करायचं, फ्रॅक्चर वगैरे नसेल तर, आधी कॉटच्या कडेला बसवून, मग दोघांनी धरून खुर्चीपर्यंत. "आराम करू दे बिचाऱ्याला" हा आराम फार महागात पडतो.

प्रत्येक ॲडमिशननंतर सुपरवायझरने वही काढून मागचे पाच दिवस वाचायचे, पहिली खूण कुठे दिसली होती. कुणाला ओरडायला नाही, ओरडलात तर पुढच्या वेळी वही कोरी मिळेल.

८. घरचे

मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळूरला, आणि रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर "बाबा बारीक दिसतायत, ॲडमिट करा." त्यांची चूक नाही, त्यांना लांबून भीती वाटते. आठवड्याला एकदा, काही झालेलं नसतानाही, चार ओळींचा मेसेज टाकत जा, जेवण, झोप, वजन, एक फोटो. विश्वास बसला की संकटात तुमचं ऐकतात. निर्णय कोण घेणार ते एकच नाव ॲडमिशनच्या दिवशी लिहून घ्या, तीन भावंडं तीन मतं असतात.

आणि अवघड बोलणं वेळेत करा. शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर लावायचा का, आयसीयूत न्यायचं का, का इथेच दुखू न देता सांभाळायचं, हे रात्री तीनला ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, पण ते माणसाने स्वतः समजउमज असताना करायचं असतं, म्हणून आजार नुकताच कळलाय अशा आजी-आजोबांच्या घरच्यांना हे पहिल्या महिन्यातच सांगा. ती वेळ निघून गेली असेल तर डॉक्टर आणि घरचे बसून काय ठरलं ते तारखेसह लिहून, सह्या घेऊन, इमर्जन्सी फाइलच्या पहिल्या पानावर लावा. ती फाइल ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवू नका, रात्रीच्या ड्युटीवरच्या मुलीला चावी कुठे असते ते माहीत नसतं.